पाठीतले तीन सागरगोटे

अहो, तुम्हाला त्यांनी उताणं निजवलं.

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "कुशीवर वळवा त्यांना. उताणं चालत नाही." बैठकीत पंधरा-वीस माणसं होती. एका बाईंनी मला जवळ घेतलं आणि दुसरीला डोळ्यांनी खूण केली, की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. आपला अरुण तेवढा समजला. बाप समोर तसा पडलेला आणि हा तोंडावर पंचा दाबून हसत होता, मग त्याच पंच्याने डोळे पुसत होता. लहानपणापासून या घरात रोज कानावर पडलेलं वाक्य ते. त्याच्या आईने शेवटचं एकदा म्हणून घेतलं.

आज चौदावा दिवस. येणारे-जाणारे सगळे एकच म्हणून गेले, "किती शांत झोपल्यासारखे दिसत होते." मी मान हलवली. तुम्हाला शांत झोपवायला काय काय करावं लागलं होतं, ते त्यांना कुठे ठाऊक?

खरं सांगायचं तर आधी मी तुम्हाला मारायलाच निघाले होते. तेही प्रेमाने, साजूक तुपात बुडवून.

आपण जयपूरला आलो ते बावन्न साली. मी बत्तीस वर्षांची. ती बाई आज दारात उभी राहिली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही, इतकी ती स्वतःला शहाणी समजायची. माहेरी दापोलीला माझे वडील घोरायचे, आजोबा घोरायचे. आई म्हणायची, घोरणारा पुरुष म्हणजे भरल्या पोटाचा आणि निवांत मनाचा. ते मी पदराला गाठ मारून आणलं होतं. तुमचं घोरणं जसजसं चढत गेलं तसतशी माझी मान ताठ होत गेली. खालच्या मजल्यावरच्या माँजींकडून, म्हणजे आपल्या घरमालकिणीकडून, मी दाल-बाटी शिकले. त्या बाटी फोडून तुपात बुडवायच्या, मी बुडवून वर आणखी ओतायची. दोन वर्षांत तुमच्या बंड्यांना मी तीनदा बाजूने पट्ट्या जोडल्या. अंगाला लागतंय म्हणून खूश.

उन्हाळ्यात सगळं शहर गच्चीवर निजतं. गच्च्याही एकमेकींना खेटून. तुमचा डोळा लागला की पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी म्हणायचं, "लो, बाबूजी की चक्की चल पड़ी." सगळी गल्ली हसायची. मला त्याचाही अभिमान. मधेच तुमची चक्की थांबायची. एकदम सामसूम. मग धक्का बसल्यासारखी पुन्हा सुरू. त्या सामसुमीत मी काय करायची, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगणार आहे, जरा थांबा.

दिवसा मात्र तुम्ही पेंगायचात. सत्यनारायणाच्या कथेत, केस कापून घेताना, एकदा तर माझ्याशी भांडता भांडता. तुमच्या भावाच्या लग्नाबद्दल मी काहीतरी लागट बोलले होते, उत्तराची वाट पाहत कमरेवर हात ठेवून उभी, आणि तुमची हनुवटी छातीवर टेकलेली. मी तीन दिवस बोलले नाही. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

घरात पेंगलं तर बायको रुसते, पण तुमचं काम नकाशे काढायचं. त्या कचेरीत तुमच्याइतकी बारीक रेघ कुणाची नव्हती, हे तुमचे साहेबच सांगायचे. चौमूंच्या सडकेचा नकाशा शाईत करताना मुरलीपुऱ्यापाशी तुमचा डोळा लागला आणि पेन आपलं चालत राहिलं. सडकेला एक फाटा फुटला. शेतांतून, विहिरीवरून, एका देवळाच्या बरोबर मधून जाऊन तो कोऱ्या कागदात संपला. साहेबांनी विचारलं, "वामनराव, ही सडक कुठे जाते?" तुम्ही म्हणालात, "स्वप्नात जाते, साहेब." ते हसले. महिन्याभरात दुसऱ्या नकाशावर तसंच झालं तेव्हा हसले नाहीत. पाऊस संपेपर्यंत सुधारणा दिसली नाही तर टेबल सोडा आणि जुने नकाशे गुंडाळून ठेवायच्या खोलीत बसा, असं त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. माझ्या लग्नानंतरची ती पहिलीच वेळ. "हातातलं पेन गेलं तर मी काय करू गं?" एवढंच बोललात आणि भिंतीला टेकून, बसल्या जागी, झोपलात.

आता माझं शहाणपण ऐका. माणूस दिवसा पेंगतो म्हणजे त्याला रात्रीची झोप कमी पडते, तेव्हा रात्रीची झोप वाढवली पाहिजे. इतकं सरळ गणित. मी एका वैद्याकडून झोपेचा काढा आणला. हिरवट होता, त्यात काय घोटलेलं होतं ते मी विचारलं नाही. रोज वाटीभर पाजायची. चक्कीचा आवाज दुप्पट झाला, थांबणं लांबलं, आणि तुम्ही सकाळी उठायचात ते रात्रभर पोती वाहिल्यासारखे, डोकं धरून. मी काढा दीड वाटी केला.

वाचवलं माँजींनी. त्या पहाटे उठून गच्चीच्या कोपऱ्यात जप करायच्या. एका सकाळी पाणी भरताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "बहू, तेरे बाबूजी सोते-सोते साँस लेना भूल जाते हैं." मी हसले, म्हटलं, माँजी, आमच्याकडे असंच घोरतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माळ पुढे केली. चक्की थांबली की त्या मणी ओढायला लागत आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत किती ओढले ते पाहत. त्यांनी बोटाने मणी दाखवले. पहिला, आणि मग पुढे, पुढे, पार तिथला. तेवढं अंतर मी पुन्हा स्वतःच्या बोटाने मोजून पाहिलं.

तो रविवार होता. दुपारी तुम्ही जेवून खोलीत आडवे झालात, उताणे, हात पोटावर. खिडकीला वाळ्याचा पडदा, मी नुकताच भिजवलेला. मी खाटेशेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमचं घोरणं ऐकलं. म्हणजे नीट ऐकलं. चढत गेलं, चढत गेलं, आणि तुटलं. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून वारा नाही. मी मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले. ओठ काळवंडले. मी हलवलं तुम्हाला. म्हटलं, अहो. अहो, अहो. पण अठरा वर्षं "अहो" ऐकून तुम्हाला ते ऐकू न येण्याची सवय झालेली. नावाने हाक मारायला हवी होती. आणि अहो, ते नाव येईना. जिभेवर येऊन अडकायचं. नवऱ्याचं नाव नुसतं कधी घेतलंच नव्हतं, ते यायचं उखाण्यातून. जिभेला तेवढीच एक वाट माहीत. मग त्या वाटेनेच धावले. लग्नात तुमच्या आत्याबाईंना चिडवायला जो उखाणा घेतला होता, तोच मी तुमचे खांदे गदागदा हलवत, गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले:

"काचेच्या दौतीत निळीशार शाई,
वामनरावांचं नाव घ्यायची मला कसली घाई?"

तुम्ही मोठा घोट घेतल्यासारखा श्वास घेतलात. डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत.

"घाई नाही, तर ओरडतेस कशाला?"

मी तुमच्या छातीवर डोकं ठेवून रडले. तुम्ही मला थोपटत होतात आणि विचारत होतात की कुणाचं लग्न आहे.

दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला छावणीतल्या आपल्या मराठी डॉक्टरांकडे नेलं. मेजरसाहेब ते. त्यांच्या बायकोशी माझी हळदीकुंकवातली ओळख. तुम्ही खुर्चीत बसून सांगायला लागलात की मला झोप उत्तम लागते. त्यांनी तुम्हाला थांबवलं आणि आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, "झोपणाऱ्याला काय विचारायचं? शेजारी जागणाऱ्याला विचारावं." मी सगळं सांगितलं. माळ, मणी, काळे ओठ. काढ्याचं सांगताना आवाज बारीक झाला. ते रागावले नाहीत, पण काढा आजपासून मोरीत, असं म्हणाले. माणूस गाढ झोपला की त्याचा घसा आतून सैल पडतो. अंगावर चरबी असली आणि त्यात उताणा असला तर जीभ मागे जाते, वाट बुजते. जीव घाबरून त्याला उठवतो, वाट मोकळी होते, तो पुन्हा झोपतो, पुन्हा बुजते. रात्रभर हेच. "वामनराव झोपत नाहीत, वहिनी," ते म्हणाले. "रात्रभर झोपायचा प्रयत्न करतात. याला काय नाव द्यायचं ते मला पुस्तकात सापडलेलं नाही, पण पलटणीत असे जवान पाहिलेत."

वजन उतरवायचं. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर. खाटेचं उशाकडचं अंग दोन विटांवर चढवायचं. आणि उताणं निजायचं नाही. तुम्ही म्हणालात, झोपेत मला कसं कळणार? तेव्हा ते हसून म्हणाले, पलटणीत तर घोरणाऱ्याच्या सदऱ्याला पाठीमागे काहीतरी टणक शिवून टाकतात. उताणा झाला की टोचतं, आपोआप वळतो.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. तळाशी माझा डबा, त्यात माझे पाच सागरगोटे. दापोलीच्या कुंपणावरून स्वतः वेचलेले, राखाडी, गुळगुळीत, दगडासारखे टणक. सासरी सागरगोटे घेऊन येणारी सून म्हणून तुमच्या आईने मला किती बोल लावले होते. त्यातले तीन काढले. बंडीच्या पाठीला खिसा लावायला पांढरं फडकं सापडेना, म्हणून बगरूच्या छापाच्या माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा घेतला, लाल-काळ्या बुट्ट्यांचा. पहिल्यांदा खिसा इतका खाली शिवला की तुम्ही खाटेवर टेकलात आणि ताडकन उभे राहिलात. तुम्ही म्हणालात, मुलींचा खेळ पाठीला बांधून मी झोपणार नाही. मी म्हटलं, मग पेन ठेवा खाली आणि बसा नकाशे गुंडाळत. ते लागलं तुम्हाला. मला लावायचंच होतं. उसवलं, दोन खांद्यांच्या मधे शिवलं, आणि तुम्ही निमूट घातलंत.

लगेच काही जादू झाली नाही. विटांमुळे तुम्ही घसरत पायथ्याशी जायचात आणि सकाळी पाय खाटेबाहेर लोंबत असायचे. सागरगोटे टोचले की झोपेत मला शिव्या द्यायचात, चांगल्या तुमच्या साताऱ्याच्या. मी पाठीला हात लावून म्हणायची, अहो, कूस. एवढा एकच शब्द. तुम्ही वळायचात.

आणि एका सकाळी, पंधरा-वीस दिवस झाले असतील, तुम्ही उठून बसलात आणि खिडकीकडे पाहत राहिलात. कडुनिंबावर पोपट कालवा करत होते. "हे रोज असतात?" तुम्ही विचारलंत. दोन वर्षं रोज होते, अहो. "अगं, मला वाटलं आत्ताच तर डोळा लागला. सकाळ कशी झाली?" मग तुम्ही आरशात पाहिलंत, स्वतःहून दाढीला बसलात, आणि दाढी करता करता गुणगुणलात. बेसूर. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून ऐकत होते. इतक्या वर्षांत मला नवरा मिळाला होता, जागा नवरा पहिल्यांदा मिळाला.

पाऊस संपला तेव्हा तुम्ही बगरूच्या बाजूचा नकाशा साहेबांपुढे ठेवलात. त्यांनी भिंग घेऊन नदी तपासली, सडका तपासल्या, कुठे फाटा फुटलाय का ते पाहिलं. मग भिंग ठेवलं आणि पुढच्या नकाशाचा कागद तुमच्याच टेबलावर पाठवून दिला. तुम्ही घरी येऊन जेवलात. दोन फुलके, तूप न लावलेले. तुमच्या डोळ्यांतलं पाणी फुलक्यांसाठी होतं की कागदासाठी, ते मी विचारलं नाही.

तूप हे आपलं कायमचं भांडण. मी एका टोकाची, आधी ओतणारी मग कुलूप लावणारी. सकाळी चांदपोलपर्यंत चालायला नेऊन आणायची, आणि तुम्ही कचेरीतून येताना मिठाईवाल्याकडचा तुपातला घेवर खाऊन यायचात. विचारलं की मिशी पुसत, "नाही," म्हणायचात. पण तोंड खोटं बोललं तरी घोरणं खोटं बोलायचं नाही. रात्री चक्कीची घरघर आली की सकाळी मी विचारायची, "किती खाल्लेत?" सर्दी झाली की उलटायचं, वजन वाढलं की उलटायचं. पुन्हा चालणं, पुन्हा फुलके. हे असंच चालवायचं असतं हे आपण दोघं हळूहळू शिकलो. चौमूंला कामासाठी गेलात आणि बंडी घरी राहिली, तेव्हा तुमचं कार्ड आलं होतं, "सागरगोटे विसरलो. भिंतीला टेकून बसून झोपतो आहे. काळजी नसावी." ते कार्ड मी डब्यात उरलेल्या दोन सागरगोट्यांबरोबर ठेवलं होतं.

आणि तो मुरलीपुऱ्याचा फाटा. काही वर्षांनी आपण टांग्याने तिकडून गेलो तर तिथे खरोखरच कच्ची सडक झालेली. देवळाला वळसा घालून, पण झालेली. तुम्ही टांगा थांबवून उतरलात, कमरेवर हात ठेवून पाहिलंत आणि टांगेवाल्याला सांगितलंत, "भैया, ये रोड हमने बनाया है." त्याने सलाम केला.

आता ती सामसूम.

अहो, गच्चीवर तुमची चक्की थांबायची तेव्हा मला बरं वाटायचं. आवाजात मला झोप यायची नाही. म्हणून मी वाट पाहायची, की कधी थांबताय. थांबलात की चटकन डोळे मिटायचे आणि तेवढ्या फटीत झोपून घ्यायचे. तुमचा श्वास अडकलेला असायचा आणि मी त्या फटीत झोपायची. दोन वर्षं. मेजरसाहेबांनी घशाचं सांगितलं तेव्हाच मला हे कळलं, आणि तेव्हापासून तुम्हाला सांगायचं राहून गेलं. कधी तुमचं मन प्रसन्न असायचं म्हणून सांगितलं नाही, कधी माझं. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. म्हणाला असतात, चला, एकाला तरी झोप मिळाली. म्हणूनच बहुतेक सांगितलं नाही. इतकं स्वस्तात सुटायचं नव्हतं मला.

त्याऐवजी तीस वर्षं "अहो, कूस" म्हणत राहिले. ती माझी माफी होती असं समजा.

तुमचं माझ्यावरचं एक बालंट मात्र तसंच राहिलं. तुम्हाला धड झोप लागायला लागल्यापासून तुम्ही म्हणायला लागलात की मीही घोरते. मी म्हणायची, बायका घोरत नाहीत. तुम्ही म्हणायचात, त्यांना कुणी सांगत नाही. त्या दिवशीही, सकाळी दहाच्या सुमाराला, गच्चीत उन्हाला खुर्ची टाकून बसला होतात आणि वाद तोच. "एक दिवस साक्षीदार आणून उभा करीन," म्हणालात. "आणि चहा आण." मी चहा घेऊन आले तर तुम्ही खुर्चीत तसेच, डोळे उघडे, तोंडावर वाद जिंकल्यासारखं हसू. हृदय थांबलं म्हणाले. थांबू दे. पण झोपेत नाही गेलात. ज्या झोपेची मला इतकी वर्षं धास्ती, तिने तुम्हाला नेलं नाही. चांगले टक्क जागे, उन्हात, माझ्याशी भांडत गेलात. मी देवापुढे रोज दिवा लावते तो आता याचसाठी.

परवा तुमची बंडी उसवली. तीन सागरगोटे पाठीच्या घामाने काळपट, चकचकीत झालेत. डब्यातले दोन आणि हे तीन, असे पाच मिनूला दिले. आपली नात आठ वर्षांची झाली तरी तिला हा खेळ मी शिकवू शकले नव्हते, दोन सागरगोट्यांत काय शिकवणार? दोन दिवस घरभर खडखडाट. ती आता रात्री माझ्याजवळ निजते. सुनेने धाडली असणार, आजी एकटी नको म्हणून.

आज सकाळी चहाच्या वेळी मिनू आली आणि माझ्यापुढे तीन सागरगोटे ठेवले. मी विचारलं, खेळून झालं का?

"नाही. ये तू घे," ती म्हणाली. "आजी, तू पण घोरते. मतलब आबांसारखं नाही, छोटं-छोटं. पण मधे थांबत नाही, मी मोजलं." मग जरा विचार करून, "दोन मी ठेवते."

अरुण कपात तोंड घालून बसला, बापासारखाच. मिळाला हो तुम्हाला साक्षीदार. तुमच्याच घरातला, आठ वर्षांचा, आणि मोजून बोलणारा. तुम्ही जिंकलात. मी हे लिहून देते आहे, कारण तोंडाने कबूल करायची मला सवय नाही.

दुपारी तो बगरूचा खिसा मी माझ्या जुन्या चोळीच्या पाठीला लावला. खांद्यांच्या बरोबर मधे, पहिल्याच फटक्यात. जरा आडवी होऊन पाहिलं. टोचतात हो चांगलेच. इतकी वर्षं तुम्ही हे सहन केलंत आणि शिव्या फक्त झोपेत दिल्यात, याचं मला आज नवल वाटलं. कुशीवर वळले. तुमच्या बाजूच्या कुशीवर. बाहेर पोपट होते.

विधवेने उखाणा घेऊ नये म्हणतात. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून घेतला, हळूच:

काचेच्या दौतीत निळीशार शाई,
वामनरावांच्या मागे यायची मला कसली घाई?

तुम्ही झोपा निवांत. फक्त कुशीवर.